डेटा सेंटरवाल्या वीज कंपनीचा निकाल वाचताय? या चुका टाळा

दर तिमाहीला अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे निकाल यायला लागले की आमच्या अभ्यासगटात तेच प्रश्न आणि तीच घाई सुरू होते. डेटा सेंटरांना वीज लागणार, वीज कंपनी ती विकणार, मग नफा वाढणारच, एवढ्या तीन पायऱ्यांवर लोक पैसे परदेशी पाठवून मोकळे होतात. मी सगळी नोकरी वीज कंपनीच्या लेखा विभागात काढली. वीज कंपनीचा नफा कुठून येतो हे ज्याला ठाऊक नाही त्याने तिचा निकाल वाचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते कळायला फार तर दोन संध्याकाळी लागतात. तेवढ्याही द्यायची तयारी नसते, याचा मला खरंच राग येतो, कारण पैसे कष्टाचे असतात.

उदाहरणाला मी बहुतेक ठिकाणी डोमिनियन एनर्जी घेणार आहे. ही व्हर्जिनियातल्या रिचमंडची कंपनी. लाउडन काउंटी, अ‍ॅशबर्न या परिसराचा बराचसा भाग तिच्या पुरवठ्यात येतो, आणि उत्तर व्हर्जिनिया ही डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. २०२३मध्ये व्हर्जिनिया राज्यात वापरल्या गेलेल्या विजेपैकी साधारण चौथा हिस्सा डेटा सेंटरांनी ओढला होता. त्यामुळे सगळ्या चुका इथे ठळक दिसतात.

गीगावॅट दिसला की गुणाकार करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. फेब्रुवारी २०२५मध्ये डोमिनियनने वर्षाचा निकाल दिला. त्यात एक आकडा सगळीकडे गाजला. डेटा सेंटरांशी कराराच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असलेली मागणी जुलै २०२४मध्ये २१ गीगावॅटच्या (एक गीगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आसपास होती, ती डिसेंबर २०२४अखेर ४० गीगावॅटवर गेली. सहा महिन्यांत जवळपास दुप्पट.

आमच्या गटात एक तरुण अभियंता आहे, हुशार आणि भयंकर घाईचा. त्याने रात्रीच एक तक्ता पाठवला. ४० गीगावॅट गुणिले वर्षाचे ८,७६० तास, गुणिले युनिटला ७ सेंट हा त्याने स्वतःच धरलेला दर. उत्तर आलं वर्षाला साडेचोवीस अब्ज डॉलर. डोमिनियनचं २०२४चं सगळं उत्पन्न साडेचौदा अब्जांच्या घरात. खाली त्याने लिहिलं होतं, "काकू, उत्पन्न अडीचपटीच्या वर जाणार आणि बाजाराला ते दिसतच नाहीये!" मी त्याला फोन करून म्हटलं, अरे, निदान टप्पे तरी वाच. तो म्हणाला, "वाचतो ना काकू, आधी घेऊन ठेवतो, मग भाव मिळणार नाही." घराच्या बुकिंगसाठी बाजूला काढलेल्या रकमेतला मोठा तुकडा त्याने त्यात घातला. शेअर जागचा हलेना. एप्रिलमध्ये सगळाच बाजार कोसळला तेव्हा घाबरून तोट्यात विकून बाहेर आला. कंपनीचं काहीच बिघडलं नव्हतं. तिने जे सांगितलं ते खरंच होतं, याने ते वाचलं नव्हतं एवढंच.

टप्पे असे असतात. पहिल्यात ग्राहक कंपनीला पत्र देतो की आमच्यासाठी उपकेंद्राचा आराखडा आणि अभियांत्रिकी काम सुरू करा, त्याचा खर्च आम्ही देऊ. दुसऱ्यात बांधकाम सुरू करायला मान्यता देणारं पत्र. तिसऱ्यात प्रत्यक्ष वीजपुरवठ्याचा करार. त्या ४०पैकी सुमारे २६ गीगावॅट पहिल्याच टप्प्यावर होते, पाचेक दुसऱ्यावर, आणि पक्क्या करारात जेमतेम नऊ. पहिल्या टप्प्यावरचा ग्राहक झालेला खर्च भरून निघून जाऊ शकतो. पक्का करार झाला तरी डेटा सेंटर पहिल्या दिवशी पूर्ण भार घेत नाही. इमारती एकामागून एक उभ्या राहतात, सर्व्हर भरत जातात, भार काही वर्षं हळूहळू चढतो. आणि २०२४च्या अख्ख्या वर्षात प्रत्यक्ष जोडलेली डेटा सेंटरं होती १५, मिळून सुमारे एक गीगावॅटची. एकीकडे ४०, दुसरीकडे वर्षाला एक. त्या तक्त्यातला ८,७६०चा गुणाकार याच्यापुढे टिकत नाही.

मुळात अर्जांचे आकडे किती फुगलेले असतात हे ओहायोने दाखवून दिलं. तिथे अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या समूहाची एईपी ओहायो ही कंपनी पुरवठा करते. मध्य ओहायोत मागणी झेपेना म्हणून २०२३मध्ये तिने नव्या डेटा सेंटरांना जोडण्या देणं थांबवलं. जुलै २०२५मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने डेटा सेंटरांसाठी वेगळा दर मंजूर केला. २५ मेगावॅटपेक्षा मोठ्या नव्या डेटा सेंटरने जितकी क्षमता मागितली त्याच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापर असो वा नसो, आणि तेही भार चढवण्याची सुरुवातीची वर्षं धरून १२ वर्षं. हा नियम आल्यावर ३० गीगावॅटच्या वर गेलेली रांग १३ गीगावॅटवर आली. निम्म्याहून अधिक मागणी अशी होती की पैसे बांधून घ्यायची वेळ आल्यावर ती उरलीच नाही. अकरावीच्या प्रवेशाला एक मुलगा पाच कॉलेजांत अर्ज टाकतो आणि पाचही कॉलेजं त्याला आपल्या यादीत मोजतात, तसंच हे. एकच डेटा सेंटर तीन राज्यांत जागा आणि वीज मागून ठेवतं.

माझी सवय सांगते. वहीत प्रत्येक कंपनीचं एक पान. पक्क्या कराराचे गीगावॅट पेनने लिहायचे, बाकी दोन्ही टप्पे पेन्सिलने. शेजारी त्या वर्षी प्रत्यक्ष जोडलेला भार. पुढच्या निकालाला पेन्सिलीतले किती पेनात आले, एवढंच बघायचं. एकूण बेरीज मी लिहीतच नाही, बातमीवाले ती लिहितातच.

जास्त युनिट विकले म्हणजे जास्त नफा, असं समजणे

वरच्या तरुणाने दर पाच सेंट धरला, सात की आठ, याने फारसा फरक पडत नाही, कारण नियंत्रित, म्हणजे जिचे दर नियामक आयोग ठरवतो अशा वीज कंपनीचा नफा मुख्यतः युनिटांवर ठरत नाही. आपल्या महावितरणच्या बिलावर इंधन समायोजन आकार असतो तो पाहा. इंधनाचा किंवा वीजखरेदीचा खर्च वाढला की तो ग्राहकाकडून वसूल होतो, त्यात कंपनीला नफा मिळवायचा नसतो. अमेरिकेतही तेच. गॅस महागला की बिल वाढतं, कंपनीचं उत्पन्न फुगतं आणि नफा होता तिथेच राहतो. अ‍ॅशबर्नला राहणारी आमच्या गटातली एक मुलगी दर वेळी विचारते, "आमचं बिल इतकं वाढलंय, मग शेअर का वाढत नाही?" तिला मी आधी बिलातला इंधनाचा भाग वेगळा काढायला लावते.

नफा येतो लावलेल्या भांडवलावर. वीजकेंद्र, वाहिन्या, उपकेंद्रं यांत कंपनीने घातलेले पैसे आयोग तपासतो, योग्य वाटले ते मान्य करतो. या मान्य भांडवलाला तिकडे रेट बेस म्हणतात. त्यातला कर्जाचा हिस्सा वेगळा काढायचा, उरलेल्या भागधारकांच्या हिश्श्यावर ठराविक टक्के परतावा आयोग ठरवून देतो. एनटीपीसी किंवा पॉवर ग्रिडचे शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे नवं नाही. आपल्या केंद्रीय आयोगाने औष्णिक वीजकेंद्रांसाठी हा परतावा १५.५ टक्के ठेवला आहे आणि कर्ज-भांडवलाचं प्रमाण ७०:३० धरलं आहे. व्हर्जिनियात नोव्हेंबर २०२५च्या आदेशात आयोगाने डोमिनियनला ९.८ टक्के दिले. कंपनीने १०.४ मागितले होते.

गणित साधं आहे. एक अब्ज डॉलरची पारेषण वाहिनी मान्य झाली, त्यात भागधारकांचा वाटा निम्मा धरला, तर ९.८ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ४.९ कोटी डॉलरचा नफा. त्या वाहिनीतून डेटा सेंटरने किती युनिट ओढले हा प्रश्न या हिशोबात येतच नाही. डेटा सेंटरांमुळे नफा वाढतो तो असा, की त्यांच्यासाठी नव्या वाहिन्या आणि केंद्रं बांधावी लागतात आणि रेट बेस मोठा होतो. म्हणून मी निकालात विक्रीच्या ओळीआधी भांडवली खर्चाची योजना शोधते. डोमिनियनने २०२५ ते २०२९साठी ती ५० अब्ज डॉलरची सांगितली होती. आणि याच कंपनीने प्रति समभाग नफ्याच्या वाढीचा अंदाज काय दिला? वर्षाला पाच ते सात टक्के. ४० गीगावॅटची बातमी वाचून ज्याच्या डोळ्यांपुढे दुप्पट-तिप्पट नाचतं त्याने हा आकडा त्याच कागदावर वाचलेला नसतो.

इतका खर्च, मग वाढ एवढीच का? कारण ५० अब्ज घरातून येत नाहीत. कर्ज काढावं लागतं, त्यावर व्याज. नवे शेअर विकावे लागतात, त्यामुळे तोच नफा जास्त शेअरांत वाटला जातो. खर्च आज होतो, आणि दरात तो पुष्कळदा नंतर येतो. निकालातला एकूण नफा बघून खूश होणाऱ्यांनी शेअरांची संख्या गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघावी.

आता याच्या उलट टोकाची समजूतही घातक आहे: खर्च वाढला की रेट बेस वाढतो, म्हणजे खर्च जितका फुगेल तितकं चांगलं. नाही. आयोग प्रत्येक डॉलर मान्य करत नाही. डोमिनियनचा व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापलीकडचा समुद्री पवन प्रकल्प बघा. १७६ पवनचक्क्या, २.६ गीगावॅट. मूळ अंदाज ९.८ अब्ज डॉलरचा होता, तो फेब्रुवारी २०२५मध्ये १०.७ अब्जांवर गेला. आयोगाने मंजूर केलेल्या समझोत्यानुसार १०.३ अब्जांच्या वरचा, ११.३पर्यंतचा खर्च निम्माच ग्राहकांकडून वसूल करता येतो. बाकीचा मालकांच्या खिशातून. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल अणुकेंद्राच्या नव्या दोन भट्ट्या २०२३ आणि २०२४मध्ये सुरू झाल्या, तोवर एकूण खर्च ३० अब्ज डॉलरच्या वर गेला होता, आणि वाढीव खर्चातले काही अब्ज डॉलर तिथल्या जॉर्जिया पॉवर या वीज कंपनीच्या मालक कंपनीला सोसावे लागले. म्हणून खर्चवाढीची बातमी आली की मी पहिला प्रश्न विचारते: यातलं आयोगाने काय मान्य केलंय?

छोट्या, पण रोजच्या चुका

या तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी करणे. उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात हीटर; वीज कंपनीची तुलना फक्त गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी.

हवामान न वगळणे. कडक थंडी पडली म्हणून वाढलेला नफा डेटा सेंटरांच्या खात्यावर टाकू नका. हवामानामुळे प्रति समभाग किती सेंट इकडचे तिकडे झाले ते कंपनी स्वतःच सांगते.

दोन नफ्यांत गोंधळ. २०२४चा डोमिनियनचा लेखा-नियमांनुसारचा नफा २.४४ डॉलर प्रति समभाग, आणि कंपनीने 'ऑपरेटिंग' म्हणून सांगितलेला २.७७. फरक बघून फसवणूक झाल्यासारखं ओरडू नका, आणि डोळे झाकून दुसराही घेऊ नका. अणुकेंद्रं पुढे कधीतरी मोडीत काढण्यासाठी जो निधी गुंतवून ठेवलेला असतो त्याची बाजारभावाने होणारी वर-खाली ऑपरेटिंग नफ्यातून वगळतात, ते योग्यच आहे. पण दर वर्षी काही ना काही 'एकदाच झालेला' खर्च म्हणून वगळला जात असेल तर तो एकदाच झालेला नाही. निकालपत्राच्या शेवटी दोन्ही आकडे जोडणारा तक्ता असतो. मी निकाल तिथूनच वाचायला घेते.

लाभांश म्हणजे मुदत ठेवीचं व्याज, असं मानणे. याच डोमिनियनने २०२०मध्ये गॅस वाहिन्यांचा धंदा विकताना तिमाही लाभांश ९४ सेंटवरून ६३वर आणला. २०२२मध्ये तो ६६.७५ सेंट होता, २०२५मध्येही तेवढाच, मधल्या काळात डेटा सेंटरांचा गजर कितीही झाला तरी. शिवाय भारतात राहणाऱ्याच्या हाती पडण्याआधी त्यातून २५ टक्के अमेरिकेत कापले जातात.

आणि इंटरनेटवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओवरून निर्णय घेऊ नका. याच्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

सगळ्या वीज कंपन्या एका माळेत ओवणे

२७ जानेवारी २०२५ला डीपसीक या चिनी एआय कंपनीची बातमी आली. कमी खर्चात एआय होणार असेल तर डेटा सेंटरांना इतकी वीज कशाला, अशी भीती पसरली. त्या एका दिवसात व्हिस्ट्राचा शेअर सुमारे २८ टक्के आणि कॉन्स्टेलेशनचा २१ टक्के घसरला. आमच्या गटात लगेच हाकाटी: "वीज कंपन्या संपल्या!" ज्यांच्याकडे नियंत्रित कंपन्यांचे शेअर होते त्यांनीही विकायला काढले.

व्हिस्ट्रा आणि कॉन्स्टेलेशन प्रामुख्याने बाजारभावाने वीज विकतात. त्यांना कुणी आयोग परतावा ठरवून देत नाही. भाव चढला तर कमाई, पडला तर मार. कॉन्स्टेलेशनने थ्री माइल आयलंड अणुकेंद्राची बंद पडलेली ८३५ मेगावॅटची पहिली भट्टी पुन्हा चालू करून मायक्रोसॉफ्टला २० वर्षं वीज द्यायचा करार सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केला. असा धंदा त्यांचा. तिथे गीगावॅट आणि भाव यांना थेट अर्थ आहे.

पीजेएम या १३ राज्यांत पसरलेल्या ग्रिड संस्थेचे क्षमतेचे लिलाव होतात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी वीज देण्याची हमी आधी विकत घेतात. २०२४-२५साठी भाव होता दिवसाला मेगावॅटमागे २८.९२ डॉलर. २०२५-२६साठी तो २६९.९२ झाला, आणि डोमिनियनच्या क्षेत्रात तर ४४४.२६. हे वाचून आमच्यातल्या एका गृहस्थांनी ठरवलं की डोमिनियनची चांदी झाली. अहो, डोमिनियनची व्हर्जिनियातली केंद्रं नियंत्रित आहेत. लिलावात त्यांना मिळणारे पैसे आणि ग्राहकांसाठी भरावे लागणारे पैसे, दोन्ही अखेर दराच्या हिशोबात जातात. या भावाचा खरा फायदा बाजारभावाने विकणाऱ्यांना, आणि खरा भुर्दंड ग्राहकाला.

कुठलीही वीज कंपनी हातात घेतली की मी पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहिते: नफ्यातला किती हिस्सा आयोगाच्या दरातून येतो आणि किती बाजारातून. हे लिहिल्याशिवाय पुढचं वाचत नाही.

बिल भरणाऱ्या माणसाला विसरणे

निकालाच्या सादरीकरणात डेटा सेंटर, चिप, एआय सगळं असतं, फक्त ज्याच्या मतावर दर ठरणार तो घरगुती ग्राहक नसतो. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४च्या अहवालात सांगितलं की डेटा सेंटरं सध्या आपला वाटा भरताहेत, पण मागणी अशीच वाढली तर डोमिनियनच्या घरगुती ग्राहकाचं मासिक बिल २०४०पर्यंत १४ ते ३७ डॉलरनी वाढू शकतं. जॉर्जियात नियामक आयोगाच्या जागा निवडणुकीने भरतात. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथे वीजबिलं हाच प्रचाराचा मुद्दा झाला आणि दोन विद्यमान सदस्य हरले. परताव्याचे टक्के ज्यांच्या हातात आहेत त्या खुर्च्यांवर माणसं बदलली, ही गुंतवणूकदारासाठी कुठल्याही नव्या डेटा सेंटरपेक्षा मोठी बातमी होती. आमच्या गटात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ती निकालाच्या बातमीत नव्हती.

मोठ्या ग्राहकाकडून पैसे बांधून घेणारे दर मला मनापासून पटतात. ज्याच्यासाठी वाहिनी बांधली तो उद्या निघून गेला तर तिचा खर्च एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या बिलात चढवणं अन्यायाचं आहे. आणि गुंतवणूकदारालाही तेच दर सोयीचे, कारण मग करारातला गीगावॅट खरा असतो. व्हर्जिनियाच्या त्याच नोव्हेंबर २०२५च्या आदेशात २५ मेगावॅट आणि त्यावरच्या ग्राहकांसाठी नवा वर्ग केला आहे: १४ वर्षांचा करार, पारेषण-वितरणासाठी करार मागणीच्या किमान ८५ टक्के आणि निर्मितीसाठी किमान ६० टक्के भरणा. तो १ जानेवारी २०२७पासून लागू होतो. त्यानंतरच्या निकालांत मी एकच तपासणार आहे: पहिल्या दोन टप्प्यांवरचे गीगावॅट कराराच्या रकान्यात सरकतात, की ओहायोसारखे यादीतूनच गळतात.